पाठकोरे कागद

"फोटो जरासा मोठा घे," कल्याण म्हणाला, आणि राधेश्यामने माऊसच्या एका ओढीत कल्याणचं डोकं आमटीच्या वाटीपेक्षा मोठं केलं.

बेबीनंदा दोघांच्या मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती. परतूरच्या ह्या फ्लेक्सच्या दुकानाकडे निघताना सकाळी तिच्या छातीत असं काही उड्या मारत होतं, की एसटीत तिने एकाच तिकिटाचे पैसे दोनदा काढून दिले. कारणच तसं होतं. शनिवारी जालन्यात बचत गटांचं प्रदर्शन होतं. कुंभार पिंपळगावातून चिठ्ठी निघाली ती तिच्या गटाची, आणि गटाने एकमताने स्टॉलवर बसवलं तिला. तिचं येसर आजवर वर्तमानपत्राच्या कागदात नाहीतर पाहुण्यांच्या डब्यात जात आलं होतं. हरभऱ्याची डाळ, ज्वारी, धने, दगडफूल मंद जाळावर भाजून दळलेलं; लग्नाच्या आमटीत पडलं की वऱ्हाडी वाटी परत पुढे करतात, असं. आता ते तीनशे पुड्यांत बसणार होतं. पुडीला लेबल, स्टॉलला एक बॅनर, बस. एवढंच करून देणारा परवडणारा माणूस मात्र सापडत नव्हता.

आदल्या दिवशी ती जालन्याला जाऊन आली होती. तिथल्या थंडगार ऑफिसात एका दाढीवाल्या पोराने तिला पाण्याची बाटली दिली, मॅडम म्हटलं आणि तुमच्या ब्रँडची स्टोरी काय म्हणून विचारलं. बेबीनंदाने स्टोरी सांगितली, दगडफुलासकट. पोराने ती मनापासून लिहून घेतली आणि नुसत्या चिन्हाचे आठ हजार सांगितले, छपाई वेगळी. "आठ हजारात शेळी येते," बेबीनंदा उठता उठता म्हणाली, "आन् ती दूधबी देते." तिच्याजवळ ह्या सगळ्या खर्चासाठी होते पंधराशे.

म्हणून आज कल्याण. कल्याण तिचा धाकटा दीर. मागच्या पंचायत समितीला अडतीस मतांनी पडला होता आणि पुढच्या वेळेसाठी आतापासूनच हात जोडून उभा होता. कुणाचं बारसं असो की कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असो, चौकात कल्याणचा फ्लेक्स लागलाच म्हणून समजा. वैनींना रुपया लागणार नाही, राधेश्यामकडे आपलं बारा महिने चालूच असतं, असं तो म्हणाला होता. फुकट हा शब्द ऐकून एरवी बेबीनंदा दोन पावलं मागे सरली असती. पण शनिवार चार दिवसांवर आला होता.

पडद्यावरच्या लेबलात सगळ्यात वर गोलात दोन मोठे नेते होते. डावीकडे पांढऱ्या शर्टातला कल्याण, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची रांग: सात चेहरे, सातही एकाच दिवशी दाढी केलेले. त्यातल्या एकाला तर पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. मधोमध ज्वाळा निघणाऱ्या अक्षरांत 'प्रदर्शनानिमित्त हार्दिक शुभेच्छा'.

"भाऊजी, येसर कुठंय?" तिने विचारलं.

राधेश्यामने अदबीने बाण नेऊन उजव्या कोपऱ्यातली वाटी दाखवली. वाटीत पनीर होतं. इंटरनेटवर त्यातल्या त्यात चांगलं दिसणारं तेच सापडलं, असं त्याचं म्हणणं पडलं.

"आन् माझं नाव?"

बाण खाली उतरला, शुभेच्छुकांच्या पायाशी गेला. तिथे मोहरीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: निर्माती सौ. बेबीनंदा. राधेश्यामने कुण्या वहिनीसाहेबांच्या वाढदिवसाच्या फाइलीवरच सगळं बसवलं होतं, त्यातलं 'सौ.' तसंच राहून गेलं होतं. तिचा नवरा पुंजाराम जाऊन दोन वर्षं झाली होती. बेबीनंदाने कल्याणकडे पाहिलं. त्याचाच तो सख्खा भाऊ. ध्यानात येतंय का, म्हणून ती थांबली. कल्याण पडद्यावरचा आपला भांग पाहत होता.

आडनाव कामून नाही, असं तिने विचारलं. तेव्हा मात्र त्याने मान वळवली आणि आवाज खाली आणला.

"मीच नको म्हणलो. शहरातले लोक, वैनी. आडनाव वाचतात आन् वस्तू खाली ठेवतात. खायची वस्तू हाये. तुमच्या भल्याचंच सांगून राह्यलो."

हे तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. ती उत्तर जुळवत होती, तोवर आतल्या मशीनमधून कागद सरकू लागले. जाड, गुळगुळीत, एका बाजूला सात शुभेच्छुक आणि दुसरी बाजू कोरी. तीनशे.

गावात ते बंडल उघडलं तेव्हा गटाची अध्यक्ष झुंबरबाई शेजारच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिने एक कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हे येसर कोनत्या वार्डातून उभं राह्यलंय म्हणं?"

बेबीनंदाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. झुंबरबाईने लगेच समजावलं, की फुकटातलं आहे, दिराशी भांडू नको, पुडी विकली म्हणजे झालं. बेबीनंदा अंगणातले धने गोळा करायला गेली.

धने पसरले होते ते फ्लेक्सवर. पांढरी बाजू वर, छापील बाजू जमिनीकडे. पुंजाराम गेला तेव्हा कल्याणने चौकात लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता तो. त्यात उजवीकडे पुंजाराम, डावीकडे तेवढ्याच मापाचा कल्याण, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून अकरा नावं. भाऊ, चुलतभाऊ, पुतणे, एक मित्रमंडळ. एकतीस वर्षं त्याच्याबरोबर काढलेल्या बाईचं नाव त्या अकरात नव्हतं. बायकांची घालतच नाहीत. रडतानाही तिने मोजलं होतं. मोजण्याची खोड तिला शाळेपासूनची. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं तिने खिचडी शिजवली, आणि पटावर किती, हजर किती, ताटं किती, हे मास्तरांच्या आधी तिला पाठ असायचं.

फ्लेक्स उतरवला तेव्हा कुणीतरी तो गोठ्यावर टाकायला मागितला. तिने दिला नाही. घरी आणला, आणि धने-मिरच्या वाळवायला पांढरी बाजू वापरू लागली. माणसाच्या तोंडावर मिरच्या कशा वाळवणार?

त्या संध्याकाळी धने सुपात घेता घेता तिचं ठरलं. ह्या पुडीवर आपलं नाव असेल, आडनावासकट, आणि दिसेल एवढं असेल. नाहीतर पुन्हा वर्तमानपत्राचा कागद बरा.

ठरवणं सोपं होतं. करून देणारं कोण?

बुधवारी शहागडला एका लग्नघरी तीन किलो येसर पोचवायचं होतं. ते देऊन ती महामार्गाच्या थांब्यावर परत आली. थांब्याच्या खांबावर पत्रकांचे थर बसले होते: पिवळ्यावर लाल, लालवर निळं, प्रत्येकावर कुणीतरी अंगठा दाखवतंय नाहीतर कोचिंगचं पोरगं दात काढतंय. त्यांच्यात एक पांढरा कागद होता. चित्र नाही, चौकट नाही. काळ्या अक्षरांत दोन ओळी आणि खाली एक नंबर:

'ब्लाऊज सांगितलेल्या दिवशी मिळेल.
सांगितलेल्या दिवशी म्हणजे त्याच दिवशी.'

बेबीनंदा फिसकन हसली. शेजारी उभी असलेली, ओळख ना पाळख अशी बाईही तो कागद वाचून हसली, आणि पिशवीतून पेन काढून शिंपिणीचा नंबर हातावर लिहू लागली. बेबीनंदाने ते पाहिलं. तिची एसटी आली. तिने ती जाऊ दिली. तिला ब्लाऊज शिवायचं नव्हतं. तिला तो कागद लिहिणारं माणूस हवं होतं, आणि ते खालच्या कोपऱ्यात सापडलं. 'मजकूर आणि मांडणी: शिवकन्या', पुढे नंबर. तिने तिथूनच फोन लावला. फोनमधून ट्रकचा भोंगा ऐकू आला, आणि तोच भोंगा तिला दुसऱ्या कानानेही ऐकू आला. शिवकन्या रस्त्याच्या पलीकडे, पंक्चरच्या दुकानात बसलेली होती.

सत्ताविशीची बाई, हातात तडा गेलेल्या काचेचा मोबाइल, जुन्या प्रिंटरवर कापड टाकलेलं, आणि वर्षाची मुलगी ट्रकच्या टायरात गादी घालून बसवलेली, म्हणजे रांगत रस्त्यावर जाणार नाही. बाहेर नवरा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. बेबीनंदा एका दमात सगळं बोलून गेली: शनिवार, तीनशे पुड्या, पंधराशे, शेळी, पनीर. शिवकन्याने ब्रँडची स्टोरी विचारली नाही. तिने डबा उघडायला लावला, चिमूटभर येसर तळहातावर घेऊन चाटलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"मावशी, तुम्ही पिंपळगावच्या शाळेत खिचडी करायच्या न्हाई का? शनिवारी त्यात हेच टाकायच्या."

बेबीनंदाने तिला आता नीट पाहिलं. कपाळावरची लहानपणीची खोक ओळखीची निघाली.

ती शाळेत स्वयंपाकाला लागली त्या वर्षी सात घरांनी आपल्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. दोनेक वर्षांत डबे एकेक करून बंद झाले. तिने कधी तोंड वाईट केलं नाही. फक्त ती सात नावं तिच्या डोक्यात ओळीने लिहिलेली राहिली. त्यात चौथं घर शिवकन्याच्या वडिलांचं, तातेराव पाटलांचं.

"मला डबा असायचा," शिवकन्या मोबाइलकडे बघत म्हणाली.

"ठाऊक हाये."

"तो मी भिंतीमागं मैत्रिणीला द्यायची. आन् तिचं ताट मी घ्यायची."

"तिचं न्हाई घेतलं कधी. तिला तिचं ताट असायचंच, तुझं मी येगळं वाढायची." बेबीनंदा म्हणाली, "खिचडी खाणारी एक्क्याऐंशी, आन् धुवायला ताटं ब्याऐंशी. रोज. मास्तर म्हणायचे, बाई, तुझं मोजायचं चुकून राह्यलंय. मी म्हणायची, चुकत आसन."

शिवकन्याने मान वर केली. मग दोघीही एकदम हसायला लागल्या, इतक्या, की टायरातली पोरगीही हसली आणि नवरा ओल्या हातांनी आत डोकावून गेला.

त्यानंतर काम असं भराभर सुरू झालं, की बेबीनंदाला चहा प्यायचं सुचलं नाही. पुडी कोण घेणार? शहरातली बाई. तिला काय हवं असतं? गावाकडच्या लग्नातली आमटी. मग तसंच लिहू, शिवकन्या म्हणाली, आणि तिने बोलता बोलता अंगठ्याने अक्षरं उठवली. 'लग्नातली आमटी, लग्नाशिवाय.' बेबीनंदाने मांडीवर थाप मारली. वर नाव. नाव केवढं? बेबीनंदाने लाजत दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. शिवकन्याने त्याच्या तिप्पट केलं.

"आडनाव?"

बाहेर ट्यूबमधून हवा सुटल्याचा आवाज आला. बेबीनंदाला राधेश्यामच्या दुकानातला कल्याणचा उतरलेला आवाज आठवला.

"खरात," ती म्हणाली. "टाक."

शिवकन्याने टाकलं. 'बेबीनंदा खरात यांचं येसर.' खाली गाव आणि फोन.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा शिवकन्या काही घेईना. बेबीनंदाने बजावलं, की फुकटाचं ती कालच परतूरला बघून आली आहे, तेव्हा काय ते सांग. चारशे ठरले. पण छपाईचा भाव फोनवर विचारला, आणि सगळा उत्साह टायरातल्या हवेसारखा फुस्स झाला. तीनशे रंगीत स्टिकर आणि नवा बॅनर, दोन्ही मिळून अडीच हजारांच्या पुढे.

शिवकन्या प्रिंटरवर बोटं वाजवत बसली. मग तिने बेबीनंदाच्या पिशवीतून डोकावणारा कल्याणचा एक कागद ओढला, नमुना म्हणून आणलेला. सात शुभेच्छुक पाहिले. कागद उलटा केला. कोरा, जाड, गुळगुळीत.

"मावशी, असे किती हायेत?"

"दोनशे नव्व्याण्णव घरी."

"मंग छापायचं कामून? शाळेत आपण पाठकोऱ्या कागदांच्या वह्या नव्हत्या का शिवत? तुमच्याकडं तर तीनशे पाठकोरे आयतेच हायेत." तिच्या डोळ्यांत वीज चमकली. "ह्या अक्षरांचा रबरी शिक्का करून घेऊ. साडेतीनशेत होतो. कागद मधून दुमडायचा, कोरी बाजू बाहेर, पुडीच्या तोंडावर टोपीसारखा बसवायचा आन् पिना मारायच्या. दादांचे हात जोडलेले राहतील आत."

बॅनरचंही तसंच करायचं ठरलं. जुना फ्लेक्स असेल, पाठ स्वच्छ असेल, तर अक्षरं कागदावर मोठी काढून गिरवू आणि पंक्चरच्या पाटीचा लाल ऑइलपेंट घरातच आहे, तो भरू. असा फ्लेक्स आहे का कुठे?

बेबीनंदा म्हणाली, आहे.

गुरुवारी शिक्का हातात आला, आणि झुंबरबाईच्या ओट्यावर गटातल्या बायकांनी तीनशे कागदांवर तीनशे वेळा बेबीनंदाचं नाव उमटवलं. पहिला शिक्का वाकडा पडला. तो झुंबरबाईने स्वतःच्या दारावर चिकटवून टाकला.

शुक्रवारी बेबीनंदा फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन शहागडला गेली. शिवकन्याने ती जमिनीवर सोडली, तर छापील बाजू वर आली.

"हे कोन?"

"मालक. परतूरच्या मोंढ्यात मापाडी होते. काटा स्थिर झाला, की वर एक चिमूट टाकायचे. व्यापारी बोंबलायचे, हे टाकायचेच."

शिवकन्याने हात मागे घेतला. दुसरा बघू म्हणाली.

"न्हाई," बेबीनंदा गुडघ्यावर बसत म्हणाली, "ह्याचीच पाठ सगळ्यात स्वच्छ हाये." आणि तिने आपल्या हातांनी पुंजारामला पालथं केलं, हळू, आजाऱ्याला कुशीवर वळवावं तसं. पांढऱ्या बाजूला धन्याचा वास होता. बांबू ओवायला उलटून उजवीकडे आलेली कड दुमडून शिवावी लागली. त्या दुमडीत कल्याण गेला. दुपारभर दोघी गुडघ्यांवर सरकत अक्षरं भरत होत्या. 'खरात'मधला काना बेबीनंदाने स्वतः ओढला.

शनिवारी जालन्याच्या मैदानावर मांडवात सत्तर स्टॉल होते, आणि सत्तरातल्या साठांवर तेच नथवाल्या बाईचं चित्र आणि तीच ज्वाळांची अक्षरं. पांढऱ्यावर नुसती लाल अक्षरं एकाच ठिकाणी. लोक लांबून वाचायचे, 'लग्नाशिवाय' शब्दाला हसायचे आणि हसत हसतच समोर येऊन उभे राहायचे. हसलेला माणूस पिशवी उघडायला वेळ लावत नाही, हे बेबीनंदाला पहिल्या तासात कळलं. तिची जीभ अशी सुटली, की बरोबर आलेली झुंबरबाई बघतच राहिली. दगडफुलावर तर तिने एका प्राध्यापक बाईचा तासच घेतला.

आडनाव वाचून पुडी हलकेच खाली ठेवणारेही होते. कल्याण खोटं बोलला नव्हता. तिने मोजले: दुपारपर्यंत तीन. वाचून घेणारे दोनशे साठ. हा हिशेब तिला परवडत होता.

तीन वाजता कल्याण आला, बरोबर चार कार्यकर्ते आणि फोटोसाठी तयार मोबाइल. त्याने बॅनर पाहिला, पुड्या पाहिल्या, स्टॉलच्या खाली वाकून पाहिलं. आपण कुठेच नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा अडतीस मतांचा झाला. बेबीनंदाने एक पुडी घेतली, टोपीची पिन काढली आणि कागद त्याच्यासमोर उलगडला. आत कल्याण, हात जोडून.

"शुभेच्छुक आतून असावा, भाऊजी," ती म्हणाली. "तीनशे घरांत जाऊन राह्यले तुम्ही."

कार्यकर्त्यांना हसावं की नाही ते कळेना. कल्याणने एकवार कागद पाहिला, एकवार वरची लाल अक्षरं. 'खरात'वर त्याची नजर जरा जास्त थांबली. मग त्याने खिशात हात घातला आणि दोन पुड्या मागितल्या. तिने पैसे घेतले.

चारनंतर पुड्या संपल्या आणि ती डब्यातलं सुटं येसर काट्यावर तोलून देऊ लागली. ऊन कलून मांडवाच्या मागच्या बाजूने आलं, आणि पातळ फ्लेक्स उजळला. समोर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने चष्मा वर केला.

"बाई, ह्या अक्षरांच्या मागं कुणी माणूस दिसतोय काय?"

बेबीनंदाने वळून पाहिलं. तिच्या नावाच्या पाठीमागे, फिकट, उलटा भांग पाडलेला पुंजाराम उन्हात वर आला होता.

"मालक हायेत," ती म्हणाली. "वजन बराबर देते का न्हाई, ते बघून राह्यले."

तिने काट्यावर कागद ठेवला, येसर घातलं, काटा स्थिर होऊ दिला. मग वर एक चिमूट टाकली.